मेन थ्रेड राबत होता की ताटकळत? परफेटोने ट्रेस वाचायला शिकताना

अ‍ॅप अडकतंय अशी तक्रार आली की नवी मुलं लगेच कोड उघडून बसतात. कुणी लूप बदलतं, कुणी इमेज लायब्ररी बदलतं, कुणी सगळं काम बॅकग्राउंड थ्रेडवर ढकलून मोकळं होतं. (थ्रेड म्हणजे एकामागून एक कामं उरकणारी एक रांग. पडदा रंगवणारी आणि बोटाला प्रतिसाद देणारी ती मेन थ्रेड, बाकीच्या बॅकग्राउंड.) कधीकधी नेम लागतोही. पण तो का लागला हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या तक्रारीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या टीममध्ये म्हणूनच नियम आहे, आधी ट्रेस, म्हणजे फोनमध्ये क्षणाक्षणाला काय चाललं होतं त्याची नोंद, आणि मग कोड. ती घ्यायचं आणि वाचायचं टूल म्हणजे परफेटो.

आम्ही बसतो सांगलीत, विश्रामबागला. अ‍ॅप शेतमालाच्या भावाचं आहे. हळद, बेदाणा, गूळ यांची आवक किती आणि कुठल्या मालाला काय दर निघाला, एवढंच त्यात दिसतं. वापरणारे म्हणजे मार्केट यार्डातले अडत्ये, त्यांचे दिवाणजी आणि तासगाव, कवठेमहांकाळ भागातले बागायतदार. फोन दोन-तीन जीबी रॅमचे, त्यातही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओंनी तुडुंब भरलेले. एका अडत्यांनी फोन माझ्यासमोर धरला होता. "हे बघा की दादा, यादी वर सरकवली की मधेच धरतंय. आणि सकाळी उघडायला गेलं तर निस्तं पांढरं." ऑफिसातल्या फोनवर यातलं काहीच दिसत नव्हतं. तेव्हा पहिली सूचना हीच: ट्रेस घ्यायचा तो गिऱ्हाईक वापरतं तसल्या फोनवर. घरात पडलेला जुना फोन असेल तर तो सोन्यासारखा जपा.

आता ट्रेस म्हणजे नेमकं काय? लिनक्स कर्नलमध्ये एफट्रेस नावाची सोय आहे, 2008 साली 2.6.27 या आवृत्तीत ती आली. कुठल्या क्षणी कुठला थ्रेड प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर चढला, कधी उतरला, त्याला कुणी जागं केलं, हे सगळं ती टिपून ठेवते. अँड्रॉइड त्यात स्वतःच्या नोंदी घालतं, म्हणजे फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) काढायला घेतली, लेआउट (पानाची मांडणी) मोजला, लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी किल्ली) थांबावं लागलं, असं सगळं. या दोन्ही नोंदी एकाच वेळपट्टीवर मांडल्या की झाला ट्रेस. 2012 पासून हे काम सिस्ट्रेस नावाची पायथन स्क्रिप्ट करायची. तिच्यावरचे जुने लेख अजून ढिगाने सापडतात, पण 2022 मध्ये प्लॅटफॉर्म-टूल्स या अँड्रॉइडच्या टूलसंचाच्या 33.0.1 आवृत्तीतून ती काढून टाकली, तेव्हा तिच्या मागे लागू नका. तिची जागा परफेटोने घेतली आहे. अँड्रॉइड 9 पासून परफेटो फोनमध्येच असतं, आणि अँड्रॉइड 11 पासून ते मुळातच चालू असतं. 9 आणि 10 वर आधी 'पर्सिस्ट डॉट ट्रेस्ड डॉट एनेबल' ही प्रॉपर्टी सेटप्रॉप या कमांडने 1 करावी लागते.

तयारी फारशी नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा, टर्मिनलवर 'एडीबी डिव्हायसेस' मारा. एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणारं टूल. फोन दिसलाच नाही तर आधी केबल बदला. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. 'अनऑथराइज्ड' दिसलं तर फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट तुमची वाट बघत असते.

मुख्य कमांड तुकड्या-तुकड्याने बघू. सुरुवातीला 'एडीबी शेल परफेटो'. मग डॅश ओ आणि फाइल कुठे लिहायची तो पत्ता. हा पत्ता फोनमधल्या डेटा, मिस्क, परफेटो-ट्रेसेस या फोल्डरातलाच द्या, दुसरीकडे लिहायला सुरक्षेचे नियम आडवे येतात. डॅश टी आणि वेळ. दहा सेकंद पुष्कळ होतात. डॅश बी म्हणजे बफर, नोंदी साठवायची जागा, तो नाही सांगितला तर 32 एमबी मिळतो. वेळ लांबवली आणि बफर तेवढाच ठेवला तर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात, आणि नेमका हवा तो भाग हरवतो. डॅश ए आणि अ‍ॅपचं पॅकेज नाव. शेवटी कॅटेगरी, म्हणजे कुठल्या प्रकारच्या नोंदी हव्यात ते. सुरुवातीला शेड, फ्रीक, एएम, डब्ल्यूएम, जीएफएक्स, व्ह्यू, बाइंडर ड्रायव्हर, डाल्विक आणि इनपुट एवढ्या पुरतात. यातलं 'शेड', म्हणजे थ्रेड कोअरवर कधी चढला-उतरला त्या नोंदी, कधीच गाळू नका. कमांड सुरू झाली की फोन हातात घेऊन यादी सरकवायची, मग 'एडीबी पुल'ने फाइल लॅपटॉपवर ओढायची आणि ब्राउझरमध्ये परफेटोच्या वेब पानावर उघडायची.

ट्रेस घेताना डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायला आपण बनवतो ती आवृत्ती, मात्र वापरू नका. डीबग बिल्डमध्ये रनटाइम बऱ्याच सुधारणा बंद ठेवतो, त्यामुळे जे हळू दिसतं ते खरोखर हळू असेलच असं नाही. रिलीज बिल्डच्या (गिऱ्हाइकाला जाते त्या आवृत्तीच्या) मॅनिफेस्ट फाइलमध्ये 'प्रोफाइलेबल' हा टॅग घालून शेलला परवानगी द्या. अँड्रॉइड 10 पासून ही सोय आहे.

फाइल उघडली की पहिल्यांदा छाती दडपते. शेकडो पट्ट्या, हजारो रंगीत ठोकळे. डब्ल्यू आणि एसने जवळ-लांब, ए आणि डीने डावीकडे-उजवीकडे, एवढं बोटांत बसवा. मग तुमच्या अ‍ॅपची पट्टी उघडून फक्त मेन थ्रेड बघा, बाकी सगळं सध्या झाकून ठेवा.

मेन थ्रेडला दोन ओळी असतात. खाली तो काय करत होता त्याचे ठोकळे, आणि त्यांच्यावर एक बारीक रंगीत पट्टी. नवखे लोक ठोकळ्यांकडे धावतात. माझ्या मते निम्मं उत्तर त्या बारीक पट्टीत असतं, कारण थ्रेड कुठल्या अवस्थेत होता ते ती सांगते. मार्केट यार्डातल्या हमालाचं घ्या. खांद्यावर पोतं घेऊन चाललाय, म्हणजे 'रनिंग'. पोतं उचलायला तयार उभा आहे पण काटा दुसऱ्याच्या मालात अडकलाय, म्हणजे 'रनेबल'. आणि दिवाणजींची चिठ्ठी आल्याशिवाय उचलायचंच नाही म्हणून टेकलाय, म्हणजे 'स्लीपिंग'. माल उतरायला उशीर तिन्ही वेळा होतो, पण तिन्हींचा इलाज वेगळा. चौथी एक अवस्था असते, 'अनइंटरप्टिबल स्लीप'. बहुतेक वेळा त्याचा अर्थ थ्रेड स्टोरेजकडून काहीतरी येण्याची वाट बघतोय, आणि भरलेल्या जुन्या फोनवर ती भरपूर दिसते.

यादी धरते ती तक्रार 'रनिंग'ची निघाली. पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होत असेल तर एका फ्रेमला मिळतात 16.6 मिलिसेकंद, 120 वेळा होत असेल तर जेमतेम 8.3. आमच्या ट्रेसमध्ये एक फ्रेम 43 मिलिसेकंदांची होती. त्यात 'आरव्ही ऑनबाइंडव्ह्यू' हा यादीची ओळ भरण्याचा ठोकळा, आणि त्याच्या पोटात 'डीकोडबिटमॅप'. प्रत्येक ओळीतला मालाचा छोटा फोटो पूर्ण आकारात, तोही मेन थ्रेडवर उलगडला जात होता. इथे काम बॅकग्राउंडला पाठवणं बरोबरच होतं, शिवाय फोटो दिसतो तेवढ्याच आकारात उलगडायचा.

सकाळच्या पांढऱ्या पडद्याची गोष्ट निराळी. मीटिंगमध्ये सूर होता, पहिल्या पानाचा लेआउट जड झालाय, तो हलका करू. ट्रेस बघितला तर मेन थ्रेड बराच वेळ चक्क झोपलेला. खालच्या ठोकळ्यावर लिहिलं होतं 'मॉनिटर कंटेन्शन विथ ओनर', आणि पुढे थ्रेडचं नाव. म्हणजे मेन थ्रेडला हवं असलेलं लॉक दुसऱ्याने धरून ठेवलेलं, आणि तो दुसरा म्हणजे आमचाच सिंक करणारा थ्रेड, आदल्या दिवसाचे सगळे सौदे एका दमात डेटाबेसमध्ये लिहीत बसलेला. लेआउट कितीही हलका केला असता तरी एक मिलिसेकंदही वाचला नसता. सिंकचं लिखाण लहान तुकड्यांत केलं आणि पहिला पडदा दिसल्यावर सुरू केलं. त्या ठोकळ्यात लॉक कुठल्या मेथडमध्ये धरलंय तेसुद्धा असतं, तेव्हा तो पूर्ण वाचायची सवय लावून घ्या.

मग 'रनेबल'. हा सगळ्यात फसवा. मेन थ्रेड तयार, पण सगळे कोअर भरलेले. भरतं कोण? बऱ्याचदा आपणच. जाहिरातींची लायब्ररी, अ‍ॅनालिटिक्स, क्रॅश रिपोर्टिंग, प्रत्येकजण अ‍ॅप उघडताक्षणी आपापले थ्रेड घेऊन उतरतो. अशा वेळी आणखी काम बॅकग्राउंडला ढकललं तर गर्दी वाढते आणि अ‍ॅप आणखी हळू उघडतं. वरची कोअरची ओळ बघा, त्या वेळात कुठला थ्रेड कुठे बसलाय ते नावानिशी दिसतं.

ठोकळ्यांना सिस्टीमची नावं आपोआप येतात, आपल्या कोडची नाही. ती 'ट्रेस डॉट बिगिनसेक्शन' आणि 'एंडसेक्शन' या जोडीने आपण द्यायची. एंडसेक्शन 'फायनली'मध्ये ठेवा, नाहीतर एखादं एक्सेप्शन आलं की ठोकळा बंदच होत नाही आणि पुढचा सगळा ट्रेस वेडावाकडा दिसतो. नाव 127 अक्षरांच्या आत हवं. प्रत्येक फंक्शनला नाव देत सुटू नका, मोजण्याचाच भार होतो.

डोळ्यांनी शोधून दमलात की एसक्यूएल आहे. परफेटोमध्ये ट्रेस म्हणजे एक डेटाबेसच. 'स्लाइस' टेबलातून नाव आणि 'ड्यूर' घेऊन उतरत्या क्रमाने पहिल्या वीस ओळी काढा. ड्यूर नॅनोसेकंदांत असतो, म्हणजे मिलिसेकंदांसाठी दहा लाखांनी भागा. अवस्थांचा हिशेब 'थ्रेड स्टेट' टेबलात. कॉलेजात एसक्यूएल शिकलेल्या कुणालाही हे जमतं, आणि इथे ते पहिल्यांदा खरंच कामाला येतं.

पुण्या-बेंगळुरूच्या मुलाखतींत "अ‍ॅप स्लो आहे, सुरुवात कुठून कराल?" हा प्रश्न ठरलेला. उत्तरात टूलची नावं मोजत बसू नका. स्वतःच्या एखाद्या छोट्या अ‍ॅपचा आधीचा आणि नंतरचा ट्रेस काढून ठेवा, थ्रेड कुठल्या अवस्थेत अडकला होता आणि म्हणून काय बदललं ते दोन मिनिटांत सांगा. त्यासाठी मोठ्या कंपनीत असावं लागत नाही. टूल फुकट आहे, आणि जुना फोन सांगलीत कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो.

एक खबरदारी मात्र घ्या. ब्राउझरमध्ये उघडलेली फाइल तुमच्याच लॅपटॉपवर वाचली जाते, शेअरचं बटण दाबल्याशिवाय ती कुठे जात नाही. पण ट्रेसमध्ये त्या फोनवर चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची नावं असतात, म्हणजे गिऱ्हाइकाची कुठली बँकेची, कुठली कर्जाची अ‍ॅप्स चालू होती ते उघड दिसतं. आम्ही अडत्यांच्या फोनवर ट्रेस घ्यायच्या आधी त्यांना हे सांगतो, बाकीची अ‍ॅप्स बंद करतो, आणि ती फाइल टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत नाही.