यलोस्टोनला आई-बाबांना नेताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा अमेरिकेत येतात आणि घरोघरी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरतो. परतल्यावर प्रत्येक घर त्याच चुका सांगतं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा नैसर्गिक फवारा, उडाला की लगेच गाडीत बसणं. तिथून थोडं चाललं की ग्रँड गीझर लागतो. ज्यांच्या वेळेचा अंदाज बांधता येतो अशा गीझरांत तो जगात सर्वांत उंच, 60 मीटरपर्यंत उडणारा. पण तो सहा-सात तासांतून एकदा उडतो, त्यामुळे तिथे बसायची तयारी लागते. आम्ही पावणेदोन तास बसलो होतो. शेजारचा टर्बन गीझर दर वीस मिनिटांनी उसळायचा आणि मुलं "आता, आता!" करत उठायची. अखेर ग्रँड उडाला, नऊ-दहा मिनिटं नाचला आणि एकदम खाली बसला. टाळ्या पडल्या, अर्धी गर्दी उठली, आम्हीही उठलो. आईचे गुडघे आखडले होते. "व्हा पुढे, येते मी," म्हणाली. शंभरेक पावलं गेलो असू, तोच मागे गडगडाट झाला. दुसरा झोत पहिल्याहून उंच! आईने तो बाकावरून मनसोक्त पाहिला, आम्हाला मात्र धावत परत येईपर्यंत नुसती वाफ दिसली. तेव्हापासून ग्रँड बसला तरी आम्ही निदान पाच मिनिटं हलत नाही. अंदाजे वेळा व्हिजिटर सेंटरमध्ये लिहिलेल्या असतात. आधी त्या पाहा, मग जेवणाचं ठरवा.

फळ्यांच्या वाटेवरून खाली पाऊल टाकू नका, फोटोसाठीही नाही. पांढरी जमीन टणक दिसते, पण तो पातळ पापुद्रा असतो आणि खाली उकळतं पाणी. इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत भाजून वीसहून जास्त माणसं गेली आहेत. आठ वर्षांखालच्या मुलाचा हात मी सोडतच नाही, कितीही रडलं तरी.

ग्रँड प्रिझमॅटिक हे गरम पाण्याचं रंगीत कुंड भल्या सकाळी पाहू नका. गारठ्यात नुसती वाफ दिसते, रंग दुपारी खुलतात.

पार्कात नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

गीझरचे तुषार चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर उडाले तर लगेच पुसा. पाण्यातली सिलिका वाळली की डाग निघत नाहीत.

आणि कुंड दिसलं की नाणं टाकायची आपली सवय इथे आवरा. मॉर्निंग ग्लोरी या कुंडात लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्याने खालून गरम पाणी येण्याची वाट अडली, पाणी थोडं निवलं आणि त्याच्या निळाईत कडेने पिवळा-केशरी रंग शिरला.