हेइआन शोदान: कराटेची पहिली काता कशी बसवावी

कराटे शिकू लागलेल्या माणसाला बहुधा लढतीची घाई असते. परंतु या कलेचे मूळ ज्ञान कातांमध्ये, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकांमध्ये साठवलेले आहे, आणि म्हणूनच शोतोकान पद्धतीतील हेइआन शोदान ही 21 हालचालींची काता नीट अंगवळणी पाडणे, हीच माझ्या मते खरी सुरुवात होय.

ही काता इतकी सुटसुटीत का आहे, हे तिच्या जन्मकथेवरून कळते. कराटे ओकिनावा बेटावर, जुन्या र्युक्यू राज्यातील शुरी, नाहा आणि तोमारी येथे, स्थानिक युद्धतंत्रावर चिनी युद्धकलांचे संस्कार होऊन घडले. 1879 मध्ये जपानने हे राज्य आपल्यात विलीन केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कराटेगुरू इतोसू आंको यांनी कराटे शाळांमध्ये नेले आणि मुलांसाठी पिनान नावाच्या पाच काता रचल्या. 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवणारे त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी नंतर या कातांना हेइआन हे नाव दिले, आणि मूळची दुसरी काता अधिक सोपी असल्याने ती पहिल्या क्रमांकावर आणली.

सरावाला पायांपासून सुरुवात करावी. पहिले काही दिवस हात कमरेवर ठेवून केवळ पावले आणि वळणे गिरवावीत. झेनकुत्सु दाची या उभे राहण्याच्या पद्धतीत पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या वर येईल इतका वाकतो, मागचा पाय ताणलेला राहतो, आणि दोन्ही पावले एका रेषेत न येता त्यांच्यात सुमारे खांद्याइतकी रुंदी राहते. ही रुंदी वळताना हरवते आणि तोल तिथेच जातो, त्यामुळे वळणापूर्वी मागचे पाऊल पुरेसे बाजूला सरकले आहे ना, हे दर वेळी पाहावे. पाऊल टाकताना डोके वरखाली होऊ देऊ नये.

पाय स्थिरावले की हात जोडावेत. काता डावीकडे वळून गेदान बाराई या खालच्या बचावाने सुरू होते आणि लगेच एक पाऊल पुढे टाकून उजव्या हाताचा ठोसा येतो. ठोशात तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळाशी असलेली हाडे आधी लागली पाहिजेत, मनगट सरळ राहिले पाहिजे, आणि दुसरी मूठ त्याच क्षणी कमरेशी खेचली गेली पाहिजे. नवव्या हालचालीला, म्हणजे तिसऱ्या वरच्या बचावाला, आणि सतराव्या हालचालीला, म्हणजे सलग तिसऱ्या ठोशाला, पोटातून कियाई, म्हणजे जोरदार आरोळी, द्यावी. शेवटच्या चार हालचालींत वजन मागच्या पायावर जाते आणि हाताच्या कडेने बचाव होतो. नवख्यांना हा भाग सर्वांत जड जातो, म्हणून तो सुटा काढून घोटावा.

स्पर्धेतही कातेचे महत्त्व कमी नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश झाला, तेव्हा पुरुषांच्या काता प्रकाराचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्यो कियुना याने जिंकले, हे मला फार समर्पक वाटते.

क्रम पाठ झाला म्हणजे काता आली, असे मात्र समजू नये; प्रत्येक हालचाल कशासाठी आहे, हे जोडीदारासोबत तपासावे. चौथ्या हालचालीचेच पाहा. जोडीदाराला आपले पुढे आलेले उजवे मनगट घट्ट धरायला सांगावे. मग पुढचे पाऊल थोडे मागे घेत, केवळ दंडाच्या जोरावर नव्हे तर संपूर्ण शरीराच्या ओढीने हात सोडवावा आणि तोच हात वरून गोल आणत मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने त्याच्या मनगटावर हलकेच उतरवावा. पाऊल आणि हात एकाच वेळी निघाले नाहीत तर पकड सुटत नाही, आणि एकट्याने सराव करताना न जाणवलेली ही चूक तेथे लगेच उघड होते.