चित्रातली हळद फोटोतही हळदच दिसावी म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा मी जलरंगात रंगवला होता. कागदावरचा पिवळा जरा मातकट, केशरीकडे झुकणारा, राजापुरी हळदीचा असतो तसा. रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढला आणि ऑनलाइन टाकला. चित्र घ्यायला आलेल्या बाई ते हातात धरून म्हणाल्या, "ताई, फोटोत रंग वेगळा होता हो." त्यांना आवडला होता तो लिंबाच्या सालीसारखा पिवळा माझ्या चित्रात नव्हताच. तेव्हापासून फोटो काढताना मी एकच बघते: समोर आहे तेच उतरलंय का.

आधी उजेड. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, नाहीतर पडवी किंवा गच्चीवरची मोकळी सावली. आषाढ-श्रावणातला ढगाळ पण पाऊस थांबलेला दिवस मिळाला तर सोडू नका. ढगांतून गाळून आलेला उजेड चित्रावर सगळीकडे सारखा पडतो. घरातले दिवे मात्र बंद करा. बल्बचा आणि दिवसाचा उजेड एकत्र आला की चित्राची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर येते, आणि ते नंतर नीट करणं फार अवघड. आजूबाजूचे रंगही बघा. आमच्या शेजारची भिंत पोपटी आहे. तिच्यासमोर कागद धरला की त्यावर हिरवी झाक चढते. डोळ्याला ती जाणवत नाही, फोटोत जाणवते.

आता चित्र सरळ लावा. भिंतीला टेकवून ठेवलं तर ते मागे कलतं आणि फोटोत वरची कड अरुंद, खालची रुंद येते. त्यापेक्षा खिळ्याला सपाट टांगा. यासाठी एक छोटा आरसा फार कामाचा, पावडरच्या डबीतला असला तरी चालेल. तो चित्राच्या बरोबर मधोमध, पृष्ठभागाला सपाट टेकवून कुणाला तरी धरायला सांगा. रंग पूर्ण वाळलेला हवा. कॅमेऱ्यातून पाहिल्यावर आरशाच्या मध्यभागी तुमचीच लेन्स दिसली, की कॅमेरा चित्रासमोर काटकोनात आहे. लेन्स वर दिसली तर कॅमेरा खाली घ्या, डावीकडे दिसली तर उजवीकडे सरका. मग आरसा काढा, कॅमेरा हलवू नका.

मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, चौकटीच्या रेषा बाहेर फुगतात. दोन-तीन पावलं मागे जा आणि दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. मोबाइल स्टँडवर, टायमर दोन सेकंदांचा. फ्लॅश, फिल्टर आणि रंग आपोआप खुलवणारे मोड बंद.

पांढरा कागद जास्त असला की कॅमेरा फोटो काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवा. फिकट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ थर, नाहीसे व्हायला लागले की थांबा. गडद चित्राला उलट, थोडं कमी करा. पहिल्या फोटोत चित्राच्या कडेला ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीच झाक नसलेलं राखाडी कार्ड, ठेवा. स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाची झाक काढून टाकणारा, ड्रॉपर त्या कार्डावर टेकवला की रंग ठिकाणावर येतात. तीच दुरुस्ती पुढच्या फोटोंना लावा. कागदाचा पांढरा भाग यासाठी वापरू नका. हँडमेड कागद बऱ्याचदा मुळातच पिवळसर असतो.

तैलरंगाचा त्रास निराळा. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर आपण चमक चुकवायला दोन पावलं बाजूला सरकतो. कॅमेऱ्याला तसं सरकता येत नाही, तो मधोमधच हवा. म्हणून उजेड सरकवायचा. खिडकी झाकून सारखेच दोन दिवे, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत ठेवा. कॅमेऱ्यामागे काळं कापड लावा आणि स्वतः गडद कपडे घाला, नाहीतर पांढरा सदरा ओल्या दिसणाऱ्या रंगात उमटतो. काच बसवायच्या आणि वॉर्निश द्यायच्या आधीच फोटो काढला तर निम्मं काम वाचतं.

शेवटी त्याच खिडकीपाशी चित्र आणि स्क्रीन शेजारी धरा. स्क्रीनचा उजेड मध्यम, रात्रीचा पिवळा मोड बंद. सौद्याच्या चित्रात मला फक्त पिवळा किंचित केशरीकडे न्यावा लागला. मूळ फाइल जपून ठेवा. ऑनलाइन टाकायची प्रत एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीची रंगांची नेहमीची पद्धत), लांब बाजू सुमारे २००० पिक्सेल. सोबत एका कोपऱ्याचा जवळून फोटो द्या, एकाच बाजूच्या तिरक्या उजेडात, म्हणजे कागदाचा दाणा आणि ब्रशचा फटकारा दिसतो.