जुना डायपोल पुन्हा उभारताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या गच्चीवर चार-पाच पावसाळे काढलेला हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंच्या तारांची अँटेना, खाली घेतला, की पहिला हात तारेला जातो. तार बहुधा धडधाकट असते. गेलेली असते ती कोॲक्स, म्हणजे अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल, आणि तिच्याचमुळे एसडब्ल्यूआर (किती लाट परततेय ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका बरा) झकास दिसतो.

केबलमध्ये पाणी मुरलं की पॉवर वाटेतच गरम होण्यात जाते. अँटेनाकडून परतणारी लाटही वाटेतच जिरते, मग मीटर खुशाल १.३ दाखवतो. पलीकडे मात्र तुमचा आवाज पोहोचत नाही. म्हणून वरचं टोक सोडवून मोकळं ठेवा आणि खालून नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) लावून ७.१ मेगाहर्ट्‌झवर मोजा. ट्रान्समीटर अजिबात जोडू नका. ३० मीटर चांगल्या आरजी-५८ला (पातळ कोॲक्सचा एक प्रकार) एसडब्ल्यूआर ७ च्या आसपास येतो. इथे जास्त आकडा म्हणजे चांगली केबल! ३ आला तर फक्त जातानाच ३ डेसिबल, म्हणजे अर्धी पॉवर गेली. वरच्या टोकाचं आवरण सोलून बघा. आतली तांब्याची जाळी काळी पडली असेल तर त्यावर सोल्डर धरणार नाही. हातभर कापून पुन्हा सोला. तिथेही काळीच निघाली तर केबल भंगारात.

जोडावर सिलिकॉन थापताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस येत असेल तर ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. खरं तर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप बरी. ती ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखे थर एकमेकांवर येऊन पाणी ओघळेल. वरून काळी पीव्हीसी टेप, उन्हासाठी. केबल घरात शिरण्याआधी बाहेर खाली झोळ सोडा, नाहीतर पाणी थेट रेडिओपर्यंत येतं.

मल्टिमीटरवर शॉर्ट दिसला म्हणून केबल उपटू नका. काही बॅलन (कोॲक्स आणि डायपोल यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर) डीसीला शॉर्टच दिसतात. आधी बॅलन सोडवा, मग मोजा.

तार बदलायचीच झाली तर उघड्या तांब्याऐवजी घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार चालते. पण जुन्या मापाने कापू नका. ७.१ साठी उघडी तार दर बाजूला सुमारे १० मीटर. पीव्हीसीची दोन-तीन टक्के आखूड लागते. तरी आधी लांबच ठेवा. दर बाजूच्या १० सेंटिमीटरला साधारण ७० किलोहर्ट्‌झ फरक पडतो. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा. चुकलं तर उलगडता येतं. मऊ तांबं ताणलं जातं, म्हणून आठवड्याने पुन्हा मोजा.

डोलकाठीचा गंजलेला क्लॅम्प तसाच आवळू नका; शिवाजी उद्यमनगरात गॅल्व्हनाइज्ड यू-बोल्ट मापाने करून मिळतो. महावितरणच्या तारेवरून किंवा खालून डायपोल नेऊ नका. काठी आडवी झाली तरी त्या तारेपर्यंत पोहोचणार नाही इतकं अंतर हवं. एप्रिल-मेच्या वळवात ढग गडगडायच्या आतच कोॲक्स रेडिओपासून काढून घराबाहेर टाका.