नवीन मशीन लर्निंगवाल्यांनो, आधी विचारा डेटातली ती तारीख कोणी टाकली

ट्रेन-टेस्ट स्प्लिट, ओव्हरफिटिंग, प्रिसिजन-रिकॉल, म्हणजे मॉडेल बनवायचं आणि तपासायचं हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. कोर्समध्ये जे कोणी शिकवत नाही आणि ज्यात मी दीड वर्ष अडकले तेवढंच सांगते, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

माझा पहिला जॉब नागपुरातच होता, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, गावागावांत बायकांच्या गटांना कर्ज देणारी एक छोटी फायनान्स कंपनी. काम काय तर दुसऱ्यांदा कर्ज मागणाऱ्या बाईला स्कोर द्यायचा, हिरवा म्हणजे कर्ज द्या, लाल म्हणजे नको. डेटा तयार, लेबलही (मॉडेलनं ज्यावरून शिकायचं ते उत्तर) तयार. हप्ता वारंवार तीन दिवसांहून जास्त उशिरा आला असेल तर ती बाई 'रिस्की'. मी लीडला विचारलं होतं की हे लेबल कसं बनलं, ते म्हणाले बिझनेसनं दिलंय, आपण त्यात पडायचं नाही. मी गप्प बसले. असं म्हणणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याला मेंटॉर मानू नका, हे माझं ठाम मत आहे.

मॉडेल मस्त चाललं. टेस्ट सेटवर (तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर) आकडे छान, डॅशबोर्ड हिरवागार, सायबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग पावसाळ्यात एका कामासाठी काटोल-नरखेडकडे शाखेत गेले, तिथून वसुलीवाल्या दादाच्या गाडीवर मागे बसून गावात, गटाच्या मिटिंगला. तिथे एक मावशी भेटल्या, स्कोर लाल म्हणून त्यांचं कर्ज नाकारलेलं. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कर्जाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. प्रत्येक हप्त्यापुढे शुक्रवारची तारीख, दादाची सही. एकही हप्ता चुकलेला नाही. आणि माझ्या सिस्टिममध्ये हीच बाई दर हप्त्याला चार-पाच दिवस लेट.

आता हे नीट वाचा, कारण फसले ते इथेच. मिटिंग शुक्रवारी संध्याकाळी. गाव रूटच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे दादा रात्री परस्पर घरी जायचा, शनिवार-रविवार गेला की सोमवारी शाखेत कॅश भरायचा, आणि एंट्री व्हायची मंगळवारी, नाल्याला पूर असला की बुधवारी. माझ्या टेबलमधल्या 'पेमेंट डेट' या कॉलममध्ये बाईनं पैसे कधी दिले ते नव्हतंच, क्लार्कनं एंट्री कधी मारली ते होतं! म्हणजे मॉडेल शिकलं काय, तर शाखेपासून लांब राहणारी बाई वाईट. मॉडेल ज्या गोष्टी बघून ठरवतं त्या फीचरमध्ये गावाचा पिनकोड सगळ्यात वर येत होता आणि मी प्रेझेंटेशनमध्ये त्याला 'भौगोलिक रिस्क' म्हणून मोकळी झाले होते.

टेस्ट सेटवर हे का दिसलं नाही? कारण टेस्ट सेटमध्येही तेच चुकीचं लेबल. क्रॉस व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे बदलून बदलून तपासणं) दहादा करा, चूक दहादा बरोबर ठरते. आणि मॉडेल लाइव्ह गेल्यावर तर आणखी वाईट, ज्या बाईला कर्ज नाकारलं तिनं ते फेडलं असतं का हे कधी कळतच नाही, तिची रो, म्हणजे टेबलमधली ओळ, पुढे तयारच होत नाही. डॅशबोर्डवर फक्त दिलेली कर्जं दिसतात, म्हणून तो कायम हिरवा.

हे फक्त लहान कंपन्यांत होतं असं समजू नका. अमेरिकेत दवाखान्यांमध्ये कोणाला जास्त देखभाल लागेल हे ठरवणाऱ्या एका मॉडेलवर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अभ्यास आला होता. आजारपण मोजायला त्यांनी उपचाराचा खर्च धरला होता, आणि कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत होता, म्हणून गोऱ्यांइतकाच स्कोर असूनही ते जास्त आजारी निघाले. बघा, मोजायचं एक होतं आणि कॉलममध्ये होतं दुसरंच.

दुसरी गोष्ट माणसांची. शाखेतले मॅनेजर त्या मावशींना सात-आठ वर्षं ओळखत होते. लाल स्कोर त्यांना बदलता येत होता, पण त्यासाठी कारण लिहून वर मेल करायचा, आणि ते कर्ज बुडालं तर जबाब त्यांनीच द्यायचा. चांगल्या बाईला नाकारलं तर मात्र कोणी काही विचारत नाही. मग कोण बदलेल सांगा? दोन महिन्यांत बदलणं बंद झालं आणि आमच्या मिटिंगमध्ये त्याचा अर्थ 'शाखांचा मॉडेलवर विश्वास बसला' असा काढला गेला. नेदरलँड्समध्ये टॅक्स खात्यानं बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांना फसवणुकीच्या संशयात ओढलं, रिस्क ठरवताना नागरिकत्वही बघितलं जात होतं, शेवटी जानेवारी २०२१ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं. तिथेही मॉडेल एकटं नव्हतं, भोवती माणसं होती आणि थांबवणं कोणाचंच काम नव्हतं.

तरी घाबरून जाऊ नका. हे पकडायला मोठी डिग्री लागत नाही, माझ्याकडेही नव्हती. पहिल्याच आठवड्यात वीस रो घ्या आणि प्रत्येकीचा मूळ कागद मागा. कॉलम कोण भरतं, कधी भरतं, उशीर झाला तर त्याला कोण रागावतं, हे भरणाऱ्यालाच विचारा. त्या क्लार्क ताईंनी मला अर्ध्या तासात जे सांगितलं ते कुठल्या कोर्सनं दिलं नाही. रेडिमेड नोटबुक कॉपी करून, ऑटोएमएल (मॉडेल आपोआप बनवणारं टूल) चालवून चार दिवसांत मॉडेल उभं करणाऱ्यांच्या नादी लागू नका, चार दिवस वाचतात आणि कोणाचं तरी वर्ष जातं. लाल स्कोर आला तर त्या बाईनं कोणाला फोन करायचा, हे लिहून घेतल्याशिवाय लाइव्ह करू देऊ नका. नवीन असलात तरी बोला. नोकरी जात नाही, माझी गेली नाही.

कार्डांवरून तारखा पुन्हा भरायला आम्हाला तीन महिने लागले. त्यानंतर मावशींचा स्कोर हिरवा झाला, मी स्वतः फोन करून सांगितलं की आता कर्ज मिळेल. त्या म्हणाल्या, "आता कायले पाह्यजे ताई, पोरीची फी भराची होती, दोन बकऱ्या विकल्या मी तवाच."