बारावीला टक्के कमी आहेत आणि एमबीबीएस करायचं आहे: मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीला पंचावन्न टक्के पडले की पुष्कळ घरांत डॉक्टरकीचा विषय तिथेच मिटतो. तो मिटवायचं कारण नाही. महाराष्ट्रात एमबीबीएसची गुणवत्ता यादी फक्त ‘नीट’ (NEET) या देशभरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीचे टक्के लागतात ते पात्रतेपुरते. ती पात्रता एकदा ओलांडली की ५२ टक्केवाला आणि ९५ टक्केवाला एकाच रांगेत उभे असतात.

म्हणून आधी गुणपत्रिका समोर घ्या आणि फक्त भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची बेरीज करा. ३०० पैकी खुल्या प्रवर्गाला १५० हवेत, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना १२०, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना १३५. इंग्रजीसह हे तिन्ही विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण असायला हवेत. ईडब्ल्यूएसवाल्यांची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्यांची, इथे हमखास गफलत होते: त्यांना जागांत आरक्षण आहे, पण या अटीत सवलत नाही, त्यांनाही १५०च लागतात. आणि १४९ म्हणजे ४९.६७ टक्के, ते पन्नास धरले जात नाहीत.

बेरीज कमी भरली तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा द्या. ही सोय निकालानंतरच्या लगतच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते, त्यामुळे ‘आधी नीट बघू, मग बोर्ड’ असं पुढे ढकलू नका. बारावीला जीवशास्त्रच घेतलं नव्हतं, त्यांच्यासाठीही नोव्हेंबर २०२३पासून वाट मोकळी आहे: उत्तीर्ण झाल्यावर तो विषय अतिरिक्त म्हणून देता येतो.

आता खरी लढाई नीटची. १८० प्रश्न, ७२० गुण, १८० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक जातो. निम्मा पेपर, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचा. राज्य मंडळाच्या मुलांचं नुकसान नेमकं इथे होतं. त्यांनी वर्षभर बालभारतीचं पुस्तक पाठ केलेलं असतं आणि प्रश्नांची भाषा असते एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, पुस्तकांची. रिपीटचं वर्ष, म्हणजे नीट पुन्हा देण्यासाठी एक वर्ष, घेणार असाल तर अकरावी-बारावीची एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट वाचा. जाडजूड गाइडं त्यानंतर.

भौतिकशास्त्रात बहुतेकांचे गुण सुटतात ते सूत्र न आल्यानं नव्हे, तर गणित अर्ध्यात अडकल्यानं. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकांची वही लिहा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण टाका: येत नव्हतं, वाचताना चुकलं, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. महिनाभरात कोणतं कारण जास्त आहे ते दिसतं आणि पुढचा अभ्यास त्यावर ठरतो. सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हा रिपीटरचा सर्वांत महागडा हट्ट आहे. निगेटिव्ह मार्किंगला अवास्तव घाबरून पेपर कोरा सोडू नका. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात सरासरीनं प्रश्नामागे दीड गुणाचा फायदाच आहे. सराव ओएमआर शीटवरच (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) आणि दुपारी करा, कारण परीक्षा दुपारीच असते.

अभ्यासाइतकीच काळजी कागदपत्रांची घ्या. चांगले गुण असून जागा गेलेली मुलं दरवर्षी दिसतात आणि ते पाहणं फार क्लेशदायक असतं. राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं. अर्ज ‘आपले सरकार’वर होतो, जिल्हाधिकारी कार्यालय शहरासाठी फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला आहे. आरक्षणातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र हवं. त्याला महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते; तारीख तपासा.

पसंतीक्रम भरताना केईएम, सायन, नायर, जे.जे., कूपर एवढ्यावर थांबू नका. कमी गुण असताना तर मुळीच नाही. ७० टक्के जागा आपल्याच विभागातल्या मुलांसाठी ठेवणारा ७०:३० हा प्रादेशिक कोटा २०२०मध्ये रद्द झाला, त्यामुळे मुंबईच्या मुलाला लातूर, गडचिरोली, सिंधुदुर्गही खुलं आहे. अंबरनाथ, अलिबागची नवी सरकारी कॉलेजं तर जवळच आहेत. यादी लांब भरा आणि क्रम मागच्या वर्षीच्या कटऑफनुसार न लावता स्वतःच्या आवडीनुसार लावा. वरच्या नंबरवर अवघड कॉलेज टाकल्यानं खालची संधी जात नाही. राज्याची प्रवेश फेरी राज्य सरकारचा सीईटी कक्ष घेतो, सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची फेरी एमसीसी ही केंद्रीय समिती. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. स्टेटस रिटेन्शनच्या, म्हणजे मिळालेली जागा कायम ठेवण्याच्या, अर्जावर सही करण्याआधी दोनदा विचार करा: सही झाली की पुढच्या फेऱ्या बंद.

खासगी कॉलेजच्या संस्थात्मक कोट्यातल्या जागाही सीईटी कक्षाच्या प्रक्रियेतूनच भरल्या जातात. तेव्हा ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

परदेशाचा पर्याय असेल तर तिथेही नीट पात्रता लागते. तो निकाल त्यासाठी तीन वर्षं चालतो. कोर्स इंग्रजीतून, किमान ५४ महिन्यांचा, शिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या पदवीवर त्या देशात वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळायला हवा. यातली एक अट चुकली तरी भारतात नोंदणी होत नाही. परतल्यावर ३०० पैकी किमान १५० गुण लागणारी पात्रता परीक्षा आणि इथली आणखी वर्षभराची इंटर्नशिप असते. प्रवेश मिळाल्याचं पत्र हातात पडण्याआधी, फी भरण्याआधी, या अटी त्या विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.