सोरायटिक संधिवात आणि माझे पाय

सकाळी पाय जमिनीला टेकवला की टाचेत कळ यायची. एक बोट तर मुळापासून टोकापर्यंत सुजून लालभडक, बूट चढेना. सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या या संधिवातात कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) हाडाला जिथे चिकटतात, तिथेही सूज येते, असं संधिवाततज्ज्ञांनी सांगितलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली. तिचा गुण सावकाश येतो, तोवर भिस्त बुटांवर. पुढून ऐसपैस, टाचेला गादी आणि कडक तळ असलेला जोड घेतला (दिसायला बेढब, असो), आत कमानीला आधार देणारा इनसोल. घरातही अनवाणी चालणं बंद. उठण्याआधी तळव्याला टॉवेल अडकवून पोटऱ्या हळूच ताणतो. जाड नखं आंघोळीनंतर, मऊ असतानाच कापतो. बोट अजून जाडसर आहे, पण जिना कठडा न धरता उतरतो.